फुगामामाच्या गणपतीचे डोळे

हातात ब्रश आहे की नाही हे रंभा आता बघून ठरवायची. बोटांनी सांगणं बंद केलं होतं. आधी अंगठा गेला, मग त्याच्या शेजारचं बोट, मग मधलं. गेलं म्हणजे होतं जागेवरच. पण दुपारच्या झोपेत दुसऱ्या कुणाचा हात आपल्या अंगावर पडून राहावा, तसा तिचा उजवा हात तिच्याजवळ पडून असायचा. डॉक्टरांनी मनगट दाबून, वाकवून पाहिलं आणि शीर दबली आहे म्हणाले. एकाच पकडीत चाळीस वर्षं बसलात तर असंच होणार. ऑपरेशन करता येईल, पण सगळं परत येईलच असं सांगता येत नाही. गणपतीनंतर केलं तर चालेल का, एवढंच रंभाने विचारलं.

तिने कुणाला सांगितलं नाही. नवरा महादेव जाऊन तिसरं वर्ष लागलं होतं, आणि मुलगा हरेश न्हावा शेव्याच्या शिफ्टप्रमाणे घरात उगवायचा आणि मावळायचा. सांगायचं असतं तर कारखान्यातल्या लोकांना. पण त्यांना सांगणं म्हणजे ब्रश खाली ठेवणं.

रंभा आखणी करायची. गणपतीच्या मूर्तीला सगळ्यात शेवटी डोळे काढतात, त्याला आखणी म्हणतात. तोवर मूर्ती नुसती वस्तू असते. माणसं तिला ओलांडून जातात, तिच्या मांडीवर चहाचा ग्लास ठेवतात. डोळे आले की तिच्यासमोरून वाकून जातात. हा फरक रंभाच्या हातात होता. माहेर हमरापूरचं, तिथे घरोघरी गणपती घडवतात. अकराव्या वर्षी बापाने तिला फुटलेल्या मूर्तींवर डोळे काढायला बसवलं होतं. लग्न होऊन पनवेलला आली आणि पुढच्याच वर्षी आनंदाच्या वडिलांच्या कारखान्यात बसली. आता कारखाना आनंदाचा होता. तो तिला वयनी म्हणायचा आणि आखणीच्या दिवसांत तिच्या कोपऱ्याकडे कुणाला मोबाइलवर बोलू द्यायचा नाही.

तिची पद्धत ठरलेली होती. मूर्तीच्या डोळ्यांना डोळे येतील एवढ्या उंचीवर स्टूल. डाव्या हाताने उजव्या मनगटाला टेकू. मग श्वास आत घ्यायचा, धरायचा, आणि वरच्या पापणीची रेघ एका दमात ओढायची. रेघ संपली की श्वास सोडायचा. काळा रंग पांढऱ्यावर पुसायला जावं तर राखाडी होतो. चुकलं तर पांढरा पुन्हा मारा, एक दिवस वाळू द्या, पुन्हा बसा. एकेचाळीस हंगामांत असं किती वेळा झालं ते तिला बोटांवर सांगता आलं असतं.

जुलैच्या सुरुवातीला कामोठ्याच्या एका सोसायटीतून शैलेश नावाचा माणूस आला. तिथल्या मंडळाचा सेक्रेटरी. बरोबर सहा मुलं, त्यात पुढे त्याची नऊ वर्षांची मुलगी मनस्वी. सहाही जणांनी गाल फुगवले होते. आनंदाला वाटलं, तोंडात काहीतरी आहे.

मे महिन्यात एक कार्टूनचा सिनेमा आला होता, त्याचं हे खूळ. त्यातला फुगामामा हा शाळेत घंटा देणारा शिपाई. लाज वाटली की तो फुगतो, आणि फुगला की उडतो. मुलांनी ही गोष्ट रंभाला सहा तोंडांनी सांगितली, शेवट आधी, मग मधलं, मग सुरुवात. मनस्वीने तो चार वेळा पाहिला होता. सोसायटीतली मुलं लिफ्टमध्ये गाल फुगवून उभी राहायची, क्लासमध्ये उत्तर आलं नाही की गाल फुगवायची. मोठ्यांचं म्हणणं वेगळं होतं. शैलेश एसीत मस्त झोपला होता. त्याच्या आईला फुगामामाची बहीण फार आवडली, कारण भाऊ जग वाचवून आला तरी ती आधी त्याला पाय धुवायला लावते. पण सिनेमा संपल्यावर नावं पडद्यावर येत होती तेव्हा कुणी उठलं नाही म्हणे. सगळ्यात शेवटी एक छोटा सीन आहे, त्यासाठी सगळं थिएटर बसून राहिलं.

तर मंडळाला यंदा फुगामामाचा गणपती हवा होता. जांभळी शाल, कमरेला पितळी घंटा, गोल पोट. आणि शैलेशने मोबाइल पुढे करून दाखवले तसे बशीएवढे डोळे.

"पोट हाय आमच्याकडे," आनंदा म्हणाला. "शाल पण करू. डोळ्यांचं वयनीला विचारा."

रंभाने मोबाइल बघितला आणि परत दिला. "कपडं तुमी सांगाल ते," ती म्हणाली. "डोळं माजं."

शैलेशने समजावून पाहिलं. मुलांना ओळखू यायला हवा, थीम आहे, फोटो निघतील. रंभाने वाद घातला नाही. फुगामामा दहा दिवस कपडे बदलून बसला तरी आरती त्याची होत नाही, लोक हात जोडतात ते डोळ्यांकडे बघून, एवढंच ती पुटपुटली आणि पुढच्या मूर्तीकडे वळली. शैलेश आनंदाकडे बघून हसला आणि बरं म्हणाला.

ती हे का बोलली, तिला पुढे आठवेना. हाताचं माहीत असताना.

ऑगस्टमध्ये आखणी सुरू झाली. लहान मूर्ती निभावल्या. मनगट जास्त घट्ट धरायचं, ब्रशला दोऱ्याचे वेढे द्यायचे, आणि बोटांवरची नजर न काढता रेघेवर दुसरी नजर ठेवायची. अशा दोन नजरा माणसाला नसतात. दिवसाला बारा जोड्या व्हायच्या तिथे पाच होऊ लागल्या. पलीकडे स्प्रे गनने अंगाचा रंग मारणारी कोमल गन बंद करून तिच्याकडे बघत राहायची. कोमल बारा वर्षं कारखान्यात होती. डबा खाऊन झाला की वर्तमानपत्रावर डोळे काढायची आणि कागद चुरगळून टाकायची. एकदा तिने विचारलं, "काकी, बरं नाय का वाटत?" रंभा म्हणाली, "चष्म्याचा नंबर वाढलाय." खोटं बोलल्याचं वाईट वाटेल म्हणून ती थोडी थांबली. ते आलं नाही. हल्ली बरंच काही यायचं थांबलं होतं. महादेवच्या वेळी बायका तिला रडवायला बघत होत्या, आणि ती सहा आसनी रिक्षा भरायची वाट बघत बसल्यासारखी रडू यायची वाट बघत बसली होती. रिक्षा भरलीच नाही. आता हात गेला त्याचंही तसंच. जो अवयव गेला त्याचं दुःख त्याच अवयवात होतं की काय कोण जाणे.

फुगामामाच्या गणपतीची आखणी शनिवारी सकाळी ठरली. मुलांना सुट्टी होती. मूर्ती सहा फुटी. रंभा लाकडी शिडीच्या घोड्यावर चढून बसली. आनंदाने मुलांना दोरीपलीकडे उभं केलं आणि गप्प राहायला सांगितलं. शैलेश मोबाइल धरून उभा होता.

उजवा डोळा चांगला आला. तिने श्वास धरला तसा खालून एक मुलगा कुजबुजला, "आजी पण फुगामामा करतायत," आणि सगळ्यांनी गाल फुगवले. डाव्या डोळ्याला तिने पुन्हा श्वास धरला. रेघ अर्ध्यावर गेली. तिथे ब्रश बोटांत फिरला आणि तिला ते कळलं नाही. रेघ उतरली, बुबुळाच्या जागेवरून आडवी गेली आणि दुसऱ्या कोपऱ्याला जाऊन टेकली. डोळा अर्धा मिटला.

पुन्हा पांढरा मारावा लागेल, एवढं म्हणायचं होतं. पण श्वास अजून आतच धरलेला होता. खाली कुणीच बोलत नव्हतं. कोमलची गन बंद झाली होती. आनंदा रेघेकडे बघत होता, आणि मग तो रेघेकडे नाही, रंभाच्या बोटांकडे बघू लागला.

"शेवटचा सीन," मनस्वी ओरडली. "आजींनी शेवटचा सीन केलाय!"

मग एकच गिल्ला झाला. शेवटच्या सीनमध्ये फुगामामा हवा गेल्यावर बहिणीच्या स्वयंपाकघरात भिंतीला टेकून झोपतो, पण एक डोळा अर्धा उघडा, पहाऱ्याला. मुलांनी दोरी ओलांडली. शैलेश म्हणत होता, मावशी, तुम्ही तर कमाल केलीत, आम्हाला सुचलंच नसतं. रंभाने श्वास सोडला. मग बुबुळ काढलं, झाकलेल्या डोळ्यात मावेल तेवढं, आणि त्यावर चमकेचा पांढरा ठिपका ठेवला. दुसरं काय करायचं ते तिला सुचलं नाही.

संध्याकाळपर्यंत तो व्हिडिओ कामोठ्यात घरोघरी पोचला होता. फुगामामाचे चाहते कारखान्याच्या दाराशी येऊन गाल फुगवून फोटो काढू लागले. कुणी लिहिलं, पनवेलच्या आजींनी सिनेमा आपल्यापेक्षा जास्त समजून पाहिलाय. कुणी लिहिलं, बाप्पा झोपला तरी लक्ष आहे, आणि त्याखाली हात जोडलेले. कोमलने वाचून दाखवलं. रंभाने ऐकलं. आनंदा त्या कोपऱ्यात फिरकला नाही.

सोसायटीने आजींचा सत्कार म्हणून रविवारी सकाळच्या खेळाची अख्ख्या एका रांगेची तिकिटं काढली. सिनेमा अजून एका पडद्यावर टिकून होता. रंभा मधल्या खुर्चीत बसली, मांडीवर पॉपकॉर्नचा डबा. डबा पडू नये म्हणून ती अधूनमधून खाली बघायची. पडद्यावर फुगामामा फुगला की सगळे चाहते गाल फुगवत आणि तो उडाला की फुस्स करून सोडत. तो अंधारातला फुस्स आवाज शंभर तोंडांचा होता. लोक हसले तिथे हसायचं आहे, हे तिला कळत होतं.

नावं संपली आणि तो सीन आला. तेव्हा पुढच्या रांगेतली मुलं खुर्चीवर गुडघे टेकून मागे वळली. त्यांना तो सीन पाठ होता. त्यांना रंभाचा चेहरा बघायचा होता.

रंभाने पडद्यावर झोपलेला डोळा पाहिला. एक निमिष पुरलं. ती पापणी सलग होती, कमानीत उतरलेली, ज्याने काढली त्याचा हात पक्का होता. तिची रेघ मधे मोडली होती. दोघांत काही म्हणजे काही सारखं नव्हतं, आणि एवढ्या माणसांत ते कुणाला दिसलं नव्हतं. मुलं तिच्या चेहऱ्याकडे बघत राहिली, आणि तिथे काहीच होईना तेव्हा एकेक करून चपला शोधायला लागली.

बाहेर सरकत्या जिन्यापाशी रंभा थांबली. तिला त्याची भीती वाटायची. बाकीचे उतरून गेले, मनस्वी तिच्याजवळ राहिली.

"रडू आलं ना, आजी? माझ्या आजीला येतं."

"नाय," रंभा म्हणाली. पुढचं तिने ठरवलं नव्हतं. "पोरी, गणपतीचा यो डोळा चुकलेला हाय. माजा हात घसरला. माज्या हाताला आता कळत नाय."

मनस्वीने आधी जिन्याकडे बघितलं. मग ती म्हणाली, "मला माहितीये. सिनेमात अर्धा उघडा असतो तो दुसरा डोळा. हा नाही."

"मंग वरडलीस कशाला?"

"तुम्ही श्वास सोडतच नव्हता," मनस्वी म्हणाली, जरा तक्रारीच्या सुरात. "कुणीच काही बोलत नव्हतं. मला भीती वाटली."

खालून शैलेशने हाक मारली. मनस्वीने रंभाचा हात धरला. उजवाच. रंभाने खाली बघितलं तेव्हा तिला ते समजलं. दोघी जिना उतरल्या.

सोमवारी सकाळी ती कारखान्यात गेली ती थेट आनंदाकडे. डोळा पुन्हा करायला हवा, म्हणाली. आनंदाने मंडळाला फोन लावला. मंडळ ऐकेना, तोच डोळा हवा, त्यासाठीच लोक येणार आहेत. आनंदाने फोन ठेवला. मग म्हणाला, "वयनी, मी शनिवारीच समजलो. तुमी बोलाल तवा बोलू म्हटलं."

"तो जाऊ दे तसाच," रंभा म्हणाली. "बाकीच्यांचं काय?"

मागे पाटांवर घरगुती गणपती रांगेने मांडलेले होते. साधे, दीड फुटी, कुणाच्या शालीवर घंटा नाही, कुणाचा कुठला सीन नाही. ते ज्या घरांत जाणार होते तिथे डोळा चुकला तर चुकलेलाच राहणार होता.

रंभाने ब्रशवरचे दोऱ्याचे वेढे सोडवले. वेळ लागला, गाठ बोटांना सापडत नव्हती, शेवटी दाताने सोडवली. मग तिने कोमलला हाक मारली आणि स्वतःच्या स्टुलावर बसायला सांगितलं. कोमल बसली नाही. स्टुलाकडे बघत उभी राहिली, हाताला लागलेला रंग परकराला पुसत.

"काकी, मी वर्तमानपत्रावर काढते."

"म्हाईत हाय. चुरगळून टाकतेस ते मी उलगडून बघते. बस."

कोमल बसली. डाव्या हाताने मनगट धरलं. रंभा मूर्तीच्या मागे गेली, जिथून कोमलचे डोळे दिसतील अशी. रेघ तिला दिसणार नव्हती. कोमलने श्वास धरला. गन बंद होती, रस्त्यावरून कंटेनरची गाडी गेली आणि पाटांवरच्या मूर्ती जागच्या जागी थरथरल्या. ती जाईपर्यंत कोमल थांबली. मग तिचा हात हलला. बराच वेळ चालला असं वाटलं.

रंभा पुढे येऊन वाकली. रेघ जरा ताठ होती. कमान दोन-तीन हंगामांनी येईल. मोडली मात्र कुठे नव्हती. कोमल तशीच बसून होती, गाल घट्ट, ब्रश हवेत.

"श्वास सोड," रंभा म्हणाली.

मग दुसरा डोळा कर म्हणून तिने सांगितलं आणि बाजूच्या उलट्या बादलीवर बसली. आनंदाने चहा पाठवला होता. तिने ग्लास दोन्ही हातांत घेतला, आणि घेतला आहे ना ते बघितलं.