हवालदार घुले यांचा वॉटर पॉइंट

नव्वदच्या दशकात आमची इंजिनीअर कंपनी शांतिसेनेबरोबर आफ्रिकेत गेली. देशाचं नाव लिहीत नाही. तिथल्या लोकांनी पुष्कळ सोसलं आहे, आणि मला सांगायचं आहे ते एका माणसाबद्दल. मी तेव्हा नायब सुभेदार होतो.

निघण्यापूर्वी कंपनी पुण्यातच होती. शहरात घरोघरी केबल टीव्ही येत होता, कोपऱ्याकोपऱ्यावर एसटीडीचे पिवळे बूथ उभे राहत होते. सीलबंद बाटलीतलं पाणी मात्र अजून चैनीत मोडायचं. आम्हाला ब्रीफिंग मिळालं ते सुरुंगांचं, मलेरियाचं आणि पाण्याचं. पाण्याचं सगळ्यात लांबलं. सगळ्यात जास्त जांभयाही त्यातच आल्या.

हवालदार सोपान घुले मात्र ताठ बसून ऐकत होता. वॉटर पॉइंट त्याच्याकडे होता. नदीचं पाणी पंपानं उपसायचं, तुरटीनं गाळ बसवायचा, गाळायचं, क्लोरीन घालायचं, तपासायचं आणि मगच वाटायचं, हे सगळं जिथे होतं तो वॉटर पॉइंट. घुले हडपसरच्या शेतकरी घरातला, मी नारायण पेठेतला. आमची जुंपायची.

"साहेब, तुमच्या पेठंत तोटी फिरवली की पानी. आमाला मोट म्हाईत हाय. पान्याची किंमत आमाला इचारा."

"घुले, तुमच्या शेतात कॅनॉल आहे. मोट तुमच्या आजोबांनी पाहिली."

"आजा सांगायचा की."

आमची पोस्ट एका मोठ्या नदीच्या काठी होती. शेजारी गावं सोडून आलेल्या लोकांची छावणी. छावणीत कॉलऱ्याची साथ चालू होती. नदी दोघांची एकच, त्यामुळे आमचा वॉटर पॉइंट छावणीलाही पाणी देत असे. सकाळी बायका पिवळे कॅन घेऊन रांगेत बसत. घुलेला त्यांची भाषा येत नव्हती, पण खुणेनं तो सगळं समजावायचा. कॅन आधी धुवा. झाकण लावा. हात आत घालू नका.

जवानांसाठी त्याचे नियम कडक होते. दात घासायलाही शुद्ध केलेलंच पाणी. बाजारातला बर्फ नाही. चिरलेलं फळ नाही. अंघोळ करताना तोंड मिटलेलं हवं. क्लोरीनच्या वासाबद्दल कुणी कुरकुर केली की म्हणायचा, "वास येतोय म्हंजे जित्ता ऱ्हाशील. पी." त्याच्या काळात पोस्टवर एकाही जवानाचं पोट बिघडलं नाही.

मग नदीच्या वरच्या अंगाला जोराचा पाऊस झाला. पूल वाहून गेला. आमचे डॉक्टर आणि औषधांचा नवा साठा पलीकडच्या काठावर राहिला. दुसऱ्या सकाळी पंप हवा ओढू लागला. नदीत तराफ्याला बांधलेलं सक्शन पाइपचं तोंड वाहून आलेल्या झाडाच्या फांद्यांत अडकलं होतं. टाक्यांत तळाशी थोडं पाणी उरलं होतं. रांगेतल्या बायका बराच वेळ थांबल्या. नंतर एक उठली, कॅन उचलला आणि नदीकडे चालू लागली. तिच्यामागे बाकीच्या.

घुलेनं ते पाहिलं.

"साहेब, मी उतरतो."

"बोट येऊ दे."

"बोट कवा येनार?"

मी रेडिओवर विचारलं. बोट पलीकडे, इंजिन बंद. घुले काय म्हणतो ते मी कंपनी कमांडरना कळवलं. थोडा वेळ नुसती खरखर. मग उत्तर आलं, "लाइफलाइन बांधून पाठवा. काळजी घ्या. आउट."

दोर त्याच्या कमरेला मी स्वतः बांधला. "तोंड मिटलेलं ठेव," म्हणालो. तो हसला. त्याचाच नियम मी त्याला सांगत होतो.

पाणी चहाच्या रंगाचं होतं आणि ओढ जबर होती. तो तराफ्यापर्यंत पोचला. कोयत्यानं फांद्या तोडू लागला. एक ओंडका वाहत आला आणि त्याच्या खांद्यावर आदळला. तो पाण्याखाली गेला. आम्ही दोर खेचला. तो वर आला, खोकला, आणि हातानं खूण केली, ओढू नका. पाइप मोकळा होईपर्यंत तो तिथेच राहिला.

पंपानं पाणी धरलं तेव्हा काठावरच्या बायका परत फिरल्या. घुले घोंगडी पांघरून चहा पीत बसला.

"दोन घोट गेलं पोटात, साहेब."

आमच्या नर्सिंग असिस्टंटनं त्याला लगेच गोळ्या दिल्या. ती साथ त्या गोळ्यांना दाद देत नाही, हे नंतर कळलं.

दोन दिवस तो ठीक होता. तिसऱ्या पहाटे त्याला जुलाब सुरू झाले, तांदळाच्या पेजेसारखे. पाठोपाठ उलट्या. मीठ-साखरेचं पाणी पोटात टिकेना. सलाइन लावलं. पण सलाइनचा साठा आठवडाभर छावणीच्या रोग्यांनाही जात होता, तसाच आदेश होता. उरलेल्या बाटल्या सकाळीच संपल्या.

"कॅज्युअल्टी इव्हॅक्युएशन, प्रायॉरिटी वन. हेलिकॉप्टर पाठवा. ओव्हर."

"ढग खाली आहेत. उघडलं की निघेल. वेट, आउट."

वेट, आउट म्हणजे थांबा, आम्हीच बोलू. मी पुन्हा विचारलं. उत्तर तेच.

घुलेच्या पायांत गोळे येत होते. मी ते चोळत बसलो. त्याचे डोळे खोल गेले होते, बोटांची कातडी सुरकुतली होती. आवाज बसला होता. कान त्याच्या तोंडाशी न्यावा लागे.

"पंप?"

"चालू आहे."

थोड्या वेळानं म्हणाला, "घरी कांदा काढायला आला आसंल."

"आला असेल," मी म्हणालो. त्यानंतर तो बोलला नाही.

दुपारी ढग उघडले. हेलिकॉप्टरमधून डॉक्टर धावत आले. दोन्ही हातांत सलाइनची खोकी होती. आम्ही तंबूबाहेर उभे होतो. त्यांनी आमच्याकडे पाहिलं आणि खोकी जमिनीवर ठेवली.

शवपेटीबरोबर मी पुण्याला आलो. हडपसरला त्याच्या अंगणात गाव जमलं होतं. पेटी सीलबंद होती. साथीचा रोग, उघडायची नाही असा आदेश. त्याची बायको वत्सला वहिनी माझ्यासमोर आल्या. कडेवर वर्षाची मुलगी.

"भावजी, तोंड तरी दाखवा."

"नाही दाखवता येत, वहिनी."

त्या पेटीजवळ बसल्या. तोंड इथे असेल असं धरून त्यांनी लाकडावर हात ठेवला. ती पायांची बाजू होती. मी दुसऱ्या टोकाशी जाऊन उभा राहिलो. त्यांना कळलं. त्या उठल्या, इकडे आल्या आणि हात ठेवला.

गर्दीतून कुणीतरी विचारलं, "गोळी लागली व्हय?"

"नाही. कॉलरा."

"आरारा. म्हंजी हगवनीनं गेला."

मी वर्दीत होतो. पेटीच्या टोकाशी ताठ उभा राहिलो.

पुढे मी निवृत्त झालो, कोथरूडला सोसायटीत राहायला गेलो. हडपसरच्या मळ्यांत काचेच्या इमारती उभ्या राहिल्या. घुलेची मुलगी मेघा इंजिनीअर होऊन त्यांतल्याच एका इमारतीत कामाला लागली. एकदा तिचा फोन आला. "काका, आमची टीम ऑनसाइट चाललीय, आफ्रिकेतच. पाण्याबद्दल तुम्ही थोडं बोलाल का सगळ्यांशी?"

मी गेलो. थंडगार खोली, वीसेक मुलंमुली. मी त्यांना सांगितलं, पाणी उकळलेलं किंवा सीलबंद. सील स्वतः तोडा. बर्फ नको. ब्रशही त्याच पाण्यानं. शॉवरखाली तोंड मिटा. जुलाब लागले तर लाजू नका, वाट पाहू नका, त्याच तासाला डॉक्टर गाठा.

एक मुलगा म्हणाला, "सर, पण आमचं हॉटेल फाइव्ह स्टार आहे."

"बर्फ कुठल्या पाण्याचा आहे ते विचारा. स्टार नंतर मोजा."

सगळे हसले. मेघा हसली नाही. तिनं मला आधीच सांगितलं होतं, बाबांचं सांगा, नाव घेऊन सांगा. मी सांगितलं. त्या मुलानं लॅपटॉप मिटला.

ती मला खाली रिक्षापर्यंत सोडायला आली.

"काका, नदीत काय आहे हे बाबांना माहीत होतं ना?"

"त्याच्याइतकं कुणालाच माहीत नव्हतं."

"मग का उतरले?"

"बायका नदीकडे निघाल्या होत्या, मेघा."

तिनं मान हलवली. मग तिनं वाकून मला नमस्कार केला. डोळे पुसले नाहीत तिनं, तसेच वाहू दिले.

हडपसरच्या चौकात एक फलक आहे. त्यावर युद्धात पडलेल्यांची नावं आहेत. त्याचं नाव त्यात बसत नाही, असं मला सांगण्यात आलं. म्हणून इथे लिहितो. हवालदार सोपान घुले, इंजिनीअर कंपनी, राहणार हडपसर. परदेशात, दुसऱ्यांच्या पिण्याच्या पाण्यासाठी गेला.