पाण्याच्या क्रमाने

मोजणी कचेरीत एकतीस वर्षं काढल्यावर श्रीपतला माणसाचा चेहरा दिसण्याआधी त्याचा सर्व्हे नंबर दिसू लागला होता. नायगावच्या खाडीकडच्या वाड्यांमधून तो चालला की लोक हात करायचे आणि तो मनाशी म्हणायचा, एकशे बारा, एकशे चौदा. गावात त्याला नंबरवाला म्हणत. त्याला ते आवडायचं.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. श्रीपत निवृत्त झाला आणि त्याच वर्षी नव्या शहराच्या आराखड्याचा मसुदा लोकांसाठी मांडला गेला. विरारच्या एका कार्यालयात नकाशाचे चौदा ताव भिंतीवर लावले होते. ज्याला बघायचं त्याने बघावं, उतरवायचं त्याने उतरवावं, हरकत असेल तर साठ दिवसांत लिहून द्यावी. कुणी काही लपवलं नव्हतं. पण गावातली माणसं त्या भिंतीसमोर अर्धा तास उभी राहायची आणि तशीच परत यायची. तावांवर आकडे होते, रंग होते, जाड-बारीक रेघा होत्या. ओळखीचं काहीच नव्हतं.

"भिंतीवर माझी वाडी आहे म्हणतात," फ्रेडरिक म्हणाला. त्याची केळीची बाग श्रीपतच्या कुंपणाला लागून होती. "मी तिला ओळखलं नाही, तिने मला ओळखलं नाही. दोघं गप्प उभे राहिलो."

श्रीपत हसला नाही. दुसऱ्या दिवशी डबा घेऊन तो विरारला गेला, तिसऱ्या दिवशीही गेला. असे बावीस दिवस. चौदा तावांतून त्याने आपल्या गावाचे चारशे बारा नंबर उतरवले. प्रत्येकापुढे तावाचा क्रमांक, आणि जमीन रस्त्यात जाते, आरक्षणात जाते की सुटते, ते एका शब्दात. मग वाचनालयाच्या ओट्यावर टेबल टाकून बसला.

लोक आले. सात-बाराचे कागद प्लास्टिकच्या पिशव्यांतून निघाले. श्रीपत बोट फिरवायचा आणि सांगायचा, "तीन नंबरचा ताव. शाळेचं आरक्षण. हरकत घ्या." किंवा, "सुटलाय. घरी जा, चहा प्या." त्या ओट्यावर त्याला जे सुख मिळालं ते कचेरीत कधी मिळालं नव्हतं. तिथे लोक कागदामागे धावायचे. इथे कागद लोकांपुढे येऊन बसला होता.

पन्नासाव्या दिवशी जिजावहिनी आल्या. सत्तरीच्या, ताठ. नवऱ्यामागे भाजीची आणि सोनचाफ्याची वाडी त्यांनी एकटीने राखली होती. त्यांनी कागद पुढे केला. श्रीपतला कागदाची गरज नव्हती.

"एकशे सदतीस. सुटलाय, वहिनी. रस्ता तुमच्यापासून दोन वाड्या पलीकडून जातोय."

"बरं," जिजावहिनी म्हणाल्या, पण जागच्या हलल्या नाहीत. "आनि पानी?"

"कसलं पाणी?"

"बावखलाचं, भावजी. वाडी सुटली. पानी सुटलं का?"

श्रीपतने वही उलटीपालटी केली. चारशे बारा नंबरांत बावखल कुठेच नव्हतं. ते गोड्या पाण्याचं तळं, ज्यावर पूर्वी रहाट चालायचा आणि आता पंप, चार जणांच्या जमिनींच्या मधोमध पसरलं होतं. सरकारी कागदावर ते चार तुकड्यांत, पोटखराब म्हणून पडून होतं. पोटखराब म्हणजे पीक न देणारी जागा. अकरा वाड्या पिकवणारं पाणी पीक न देणाऱ्या जागेत मोजलेलं. आणि हे मोजणाऱ्यांत तो स्वतः होता.

तो उठला आणि थेट विरारला गेला. पाच नंबरच्या तावावर बोट ठेवलं. बावखल होतं तिथे नकाशा पांढरा होता, आणि त्या पांढऱ्यावरून अठरा मीटरचा रस्ता सरळ गेला होता. आखणाऱ्याला तिथे पाणी दिसलंच नसणार. रस्ता झाला की भराव पडणार, बावखल बुजणार, आणि खाली अकरा सुटलेल्या वाड्या कोरड्या उभ्या राहणार. त्या अकराही जणांना श्रीपतने चहा प्यायला घरी पाठवलं होतं.

त्या संध्याकाळी तो अकरा दारांत गेला. प्रत्येक दारात एकच वाक्य बोलला: "मी चुकीचं सांगितलं." दहा घरांनी ऐकून घेतलं. फ्रेडरिकने त्याला आपल्या घराच्या ओट्यावर बसवलं.

"तुझी वही बरोबर आहे रे," तो म्हणाला. "फक्त ती जमिनीची वही आहे. आपण कुठे जमिनीवर राहतो? पाण्यावर राहतो."

दहा दिवस उरले होते. सकाळी श्रीपत नवी वही घेऊन जिजावहिनींच्या वाडीत गेला.

"वहिनी, बावखलाचं पाणी कुणाकडून कुणाकडे जातं, ते सांगा. पहिल्यापासून."

"लिवा," त्या म्हणाल्या आणि भाजी निवडता निवडता सांगू लागल्या. पाटाचं पाणी आधी फ्रेडरिककडे, मग थेरेसाच्या पानवेलींना, मग शांतारामकडे, मग चिंचेला वळसा घालून त्यांच्याकडे. कुणाची पाळी कुणानंतर, हे त्यांना अठराव्या वर्षापासून पाठ होतं. दारं धरण्यात, म्हणजे पाटाचं पाणी वाफ्यावाफ्यांत वळवण्यात, जन्म गेला होता. एकदाही अडखळल्या नाहीत. श्रीपत प्रत्येक नावापुढे सर्व्हे नंबर आणि ताव लिहीत गेला. एकशे सदतीसनंतर एकशे एकवीस, मग एकशे चाळीस. असा वेडावाकडा क्रम त्याने आयुष्यात लिहिला नव्हता. पण वही मिटली तेव्हा त्याच्या लक्षात आलं की प्रथमच या आकड्यांना एकमेकांशी बोलता येत होतं.

वर मथळा घातला: चिंचेकडचं बावखल. गावात आणखी सहा बावखलं होती. त्या आठवड्यात सातही वहीत उतरली. आता ओट्यावर आलेल्याला श्रीपत नंबर विचारत नसे. "पाणी कुठलं?" एवढंच विचारायचा, आणि लोक स्वतःच बोट ठेवून आपली जागा शोधायचे. थेरेसाने तर आपली शोधून वर शेजारणीचीही शोधली आणि तिला ऐकवलं, "तुझी माझ्यानंतर गं, इथेसुद्धा!"

अठ्ठावन्नाव्या दिवशी श्रीपत आणि जिजावहिनी अकरा जणांची एकच हरकत घेऊन विरारच्या खिडकीवर गेले. कारकुनाने अर्ज वाचला.

"हे अकरा नंबर तर सुटलेत. हरकत कशाची?"

श्रीपतने वही पुढे सरकवली. कारकुनाने मथळा वाचला, मग खालची नावं, नंबर. तो उठून पाच नंबरच्या तावापाशी गेला, एकेका नंबरावर पेन्सिलीने ठिपका देत वर चढला, आणि पांढऱ्या जागेपाशी थांबला.

"इथे पाणी आहे?"

"बारा महिने," जिजावहिनी म्हणाल्या. "येऊन बगा. पोहता येतं का तुमाला?"

कारकून हसला. अर्जावर शिक्का मारला, पोच दिली, आणि मग जरा संकोचत म्हणाला, "काका, या वहीची एक प्रत इथे ठेवाल? रोज पन्नास माणसं भिंतीकडे बघून परत जातात. मलाही त्यांना काय सांगावं कळत नाही."

श्रीपतने हेमांगीला, म्हणजे आपल्या सुनेला, सुवाच्य अक्षरात प्रत करायला लावली. ती सुतळीने भिंतीजवळच्या टेबलाला बांधली गेली. उरलेल्या दोन दिवसांत शेजारच्या दोन गावांची माणसं ती चाळून गेली आणि आपापल्या पाण्याच्या वह्या घेऊन परत आली. पुढे सुनावणी झाली, अधिकारी स्वतः येऊन बावखलाच्या काठावर उभे राहिले. अंतिम नकाशा लागायला मात्र कितीतरी वर्षं गेली.

तो लागला तेव्हा श्रीपत जिजावहिनींना रिक्षाने विरारला घेऊन गेला. पाच नंबरच्या तावावर रस्ता एका ठिकाणी वळला होता. वळणाच्या आत, नखाएवढा, निळा डाग होता.

जिजावहिनींनी डोळे बारीक केले. "एवढुसं?"

"कागदावर एवढंच मावतं, वहिनी."

त्यांनी निळ्यावर बोट ठेवलं. मग कुणाला न विचारता बोट खाली सरकवत नेलं: फ्रेडरिक, थेरेसा, शांताराम, चिंच. आणि आपल्या वाडीवर नेमकं थांबवलं.