पौर्णिमेच्या दिवशी पाहिलेली माडी

परभणीत स्टेशनाजवळच्या त्या गल्लीत घर मिळणं म्हणजे नशीबच. शाळा जवळ, बाजार जवळ, शेजार चांगला. तिथली एक माडी विकायची आहे असं कळलं आणि मी नवऱ्याचं डोकं खायला सुरुवात केली. माडी दुसऱ्या महायुद्धाच्या आधीची, निजामाच्या राज्यात बांधलेली. पण मालकांनी ती नुकतीच नवी केली होती. म्हणजे सागवानी दारांना हिरवा ऑइलपेंट फासला होता आणि चांगल्या शहाबादी फरशीवर ठिपक्यांच्या टाइल्स बसवल्या होत्या. त्यांना त्याचा कोण अभिमान!

तोवर भाड्याच्या खोल्या बदलून आम्ही कंटाळलो होतो. विद्यापीठाच्या नामांतरावरून सगळा मराठवाडा तापलेला, आणि आम्ही बौद्ध. आडनाव गावावरून पडलेलं, त्यामुळे घरमालकांना पहिल्या भेटीत पत्ता लागत नसे. लागला, की ते आमच्याकडचा चहा बंद करायचे आणि थोड्याच दिवसांत त्यांचा कुणी तरी पुतण्या त्या खोलीत राहायला यायचा. मला आता असं घर हवं होतं, जिथून कुठलाही पुतण्या आम्हाला उठवणार नाही.

माडी बघायला गेलो तो दिवस वैशाखी पौर्णिमेचा. विहारातली वंदना आटोपून तसेच गेलो, दोघंही पांढऱ्या कपड्यांत. मालकांनी टाइल्स दाखवता दाखवता आमचा तपास सुरू केला. सरळ विचारणं त्यांच्या सभ्यतेत बसत नव्हतं.

"तुमी मूळचे कुठले?"

"गंगाखेडचे," नवरा म्हणाला.

"गंगाखेडात कोणत्या गल्लीत?"

"गावाबाहेर, नदीकडं. हवा लय चांगली तिकडं."

"आन् लग्नं कशी असतेत तुमच्यात?"

"थाटात."

मी पदर तोंडाला लावला. तेवढ्यात मालकीणबाई लंगडत पोहे घेऊन आल्या. नवरा म्हणाला, "मला नको, पौर्णिमेचा उपवास हाय."

मालकांचा चेहरा उजळला. पांढरे कपडे, उपवास, हळू बोलणं. त्यांचा अंदाज पक्का झाला. "घर सात्त्विक माणसालाच द्यायचं होतं," म्हणत त्यांनी नवऱ्याच्या हातात केळी ठेवली आणि आम्हाला घरातल्या सगळ्यात मोठ्या नवलाईपुढे नेलं. संगमरवरी देवघर, आणि त्यावर उजेड पडावा म्हणून काढलेली खिडकी.

"तुमचं कुलदैवत कोणतं, बाई?"

नवऱ्यानं मला डोळ्यांनी दटावलं. पण घराच्या मोहापायी गप्प बसायचा मला वीट आला होता. "आमी बौद्ध हाव," मी म्हटलं. "इथं बुद्धाची मूर्ती बसवू."

मालक टाइल्सकडे बघायला लागले. "मुलाला इचारून सांगतो," म्हणाले. मी पिशवी उचलली. हा मुलगा म्हणजे त्या पुतण्याचाच भाऊ.

"त्याला काय इचारायचंय?" मालकीणबाई कडाडल्या. "माडी माझ्या बापानं मला दिलेली हाय. तुमचे प्रश्न संपंनात आन् गिऱ्हाईक टिकंना. हा जिना चढून माझे गुडघे गेले. ते काय कुणाची जात इचारतेत?"

त्या गुडघ्यांनी आम्हाला घर मिळवून दिलं. मालकांनी मात्र जाताना देवघर उखडून नेलं. भिंतीत चौकोनी भगदाड बघून माझं डोकं फिरलं. नवरा म्हणाला, "जागा तर आयती झाली." तिथंच आम्ही मूर्ती बसवली.

पुढं पावसाळ्यानंतर मालक राहिलेली शिडी न्यायला आले. भगदाडापुढे थबकले. बराच वेळ बघून म्हणाले, "मूर्ती जरा उजवीकडं घ्या, बाई. तोंडावर उजेड पडंल. ती खिडकी मीच काढलेली हाय."

मी सरकवली. खरंच पडला. मालक स्वतःच्या खिडकीवर बेहद्द खूश झाले. मी चहाचं विचारलं, तशी त्यांनी घाईनं शिडी उचलली.

"नको, नको. आज पौर्णिमा. उपवास हाय माझा."

असा राग आला मला! सगळे जुने घरमालक एकदम समोर उभे राहिले.

"काका," मी म्हटलं, "पौर्णिमा परवा हाय. आमच्या घरात ती चुकत न्हाई. आन् उपवासाला चहा चालतो."

मालकांनी शिडीकडे पाहिलं, मूर्तीकडे पाहिलं, खिडकीकडे पाहिलं. मग शिडी भिंतीला टेकवून खुर्चीत बसले.

"साखर कमी टाका," म्हणाले.