साफ केलेलं तळं

पक्षी बघायला मला टीचरनी शिकवलं. त्या आमच्याच इमारतीत वरच्या मजल्यावर एकट्या राहतात. शाळेतून निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, तरी सगळे त्यांना टीचरच म्हणतात. थंडी पडली की सकाळी आम्ही दोघी गावच्या तळ्यावर जायचो. त्यांचा जीव कमळपक्ष्यावर. लांबलचक बोटांचा तो पक्षी पाण्यावरच्या कमळाच्या पानांवरून असा चालतो की पान बुडत नाही. मी पक्षी, वेळ, संख्या लिहून घ्यायचे. त्या नुसत्या बघायच्या.

गेल्या वर्षी त्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि अख्खा हिवाळा घरात गेला. व्यायामाचा त्यांना भारी कंटाळा. मी म्हणायचे, "पुढच्या थंडीत तळ्यावर जायचंय ना? मग पाय उचला." मला हवालदार म्हणत त्या पाय उचलायच्या.

उन्हाळ्यात मी तळं साफ करायला घेतलं. टीचरना चकित करायचं होतं हे खरं, पण ती कुजकी पानं आणि डास मलाही खुपत होते. आसपासच्या सोसायट्या एकत्र केल्या. सह्या, परवानगी, यंत्र, गाळ टाकायची जागा, सगळं वेळेत जमवलं. यंत्रवाल्याला काठावर उभं राहून सांगितलं, "एकही पान राहता कामा नये." इतके हिवाळे मी त्याच पानांवर तो पक्षी चालताना बघितला होता. तरी हे वाक्य सहज तोंडून निघालं.

डिसेंबरात टीचर चालायला लागल्या. पहिली फेरी त्यांच्यासोबतच करायची म्हणून साफसफाईनंतर मी तिकडे फिरकले नव्हते. घडीची खुर्ची, थर्मास, दुर्बीण, काही विसरले नाही. तळं नुसतं चकचकत होतं. टीचरनी दुर्बीण या काठापासून त्या काठापर्यंत फिरवली आणि खाली घेतली.

"पानं कुठे गेली?"

"साफसफाई झाली उन्हाळ्यात."

"कुणी केली?"

"सोसायट्यांनी मिळून," मी म्हटलं.

तेवढ्यात तिथे रोज फेऱ्या मारणारे एक काका थांबले. "काय टीचर, पाय बरा? बघा, या मॅडमनी डबक्याचा स्विमिंग पूल केला. आम्हा पुरुषांना इतकी वर्षं जमलं नव्हतं."

ते पुढे गेले. माझे कान तापले. मी थर्मासचं झाकण उगाच फिरवत राहिले.

"सगळी काढलीस?" टीचरनी विचारलं.

"हो."

"तू करणार म्हणजे सगळीच काढणार," त्या म्हणाल्या आणि चहासाठी हात पुढे केला.

परतताना रिक्षात मी बोलत सुटले. कंद आणू, दोन कोपऱ्यांत लावू, तीन-चार वर्षांत पानं पसरतील.

"माझं वय काय, माहीत आहे ना तुला?" एवढंच त्यांनी विचारलं.

दुसऱ्या दिवशी व्यायामाच्या वेळी मी वर गेले. त्या पलंगावर पाय पसरून बसल्या होत्या.

"आज राहू दे."

"मध्येच सोडलात तर गुडघा आखडेल."

"चर्चला जायला रिक्षा दारात येते. बाजार तू आणून देतेस. आता चालत कुठे जायचंय मला, सांग."

पायाला बांधायची वाळूची पिशवी माझ्या हातात होती. ती कुठे ठेवू, एवढंच मी विचारलं.

"पलंगाखाली सरकव," त्या म्हणाल्या.