बेचाळीस बंद घरं

राणीचं डोकं फिरलंय, आसं मी तिला तोंडावर सांगितलं. सव्वीस वर्सांची पोरगी. सांगलीला वसतिगृहात ऱ्हाऊन शिकली, सार्वजनिक आरोग्याची मोठी पदवी घेतली, संशोधनाची पैलीच नोकरी लागली, आन बसली सायबाशी भांडत!

मी बनुबाई. कवठे महांकाळ तालुक्यातल्या आमच्या गावची आशा. सतरा वर्सं झाली, बायालेकरांच्या तब्येतीसाठी, लशींसाठी घरोघर फिरतीया. राणी आमच्याच गावची, धनगर धनाजीची लेक. दुष्काळी भागातली लहान लेकरं कशानं दगावत्यात, ह्ये तिच्या संस्थेला शोधायचं हुतं. जितं जास्त दगावली, तितं दवाखान्याची गाडी सुरू व्हनार. मी माझी गावातल्या घरांची यादी फुडं केली. तिनं बोट ठिवलं.

"आक्का, ही बेचाळीस घरं बंद?"

"मेंढरं घिऊन गेल्यात की गं. दिवाळीनंतर कोन घावतंय?"

लशीचं काम आसू दे न्हाईतर पाहनी, नेम एकच: तीनदा कुलूप दिसलं की घर यादीतनं कमी. सायबानं फोनवर त्येच सांगितलं. राणी म्हनली, "सर, ती घरं काढणार असाल तर अहवालातनं माझं नावही काढा." सायेब लय तापला. पन ती घरं हुडकायला पाच दिवस दिलं.

आमी वाईची एसटी धरली. राणीचे आईबा तिकडंच हुते. कोन कुठल्या रानात उतरतंय ह्ये आख्ख्या गावाला ठावं असतंय. मला बी ठावं हुतं, दरसाल.

किसना नदीकाठी एका शेतकऱ्याच्या मोकळ्या रानात खतासाठी मेंढरं बसवली हुती. राणीची आई तानुबाई चूल पेटवत हुती. लेक आली म्हनल्यावर आमच्या यादीतल्या अकरा घरच्या बाया गोळा झाल्या. राणीनं फॉर्म काढला आन इचारलं, "किती मुलं झाली? त्यातली जिवंत किती?"

सगळ्यांनी तोंडं फिरवली. एक तर पदर झटकून उठूनच गेली.

तानुबाई कडाडली, "शिकून येडी झालीस व्हय? मेंढरं आन लेकरं कवा मोजून सांगत्यात का आपल्यात? नजर लागती!"

राणीचं तोंड एवढंसं झालं. धनगराची पोर आसून इसरली! मला हसू फुटलं, खोटं कशाला सांगू. मग तिनं फॉर्म पिशवीत कोंबला आन कोरी वही काढली.

"आकडा नगं. नुसती नावं सांगा. थोरल्यापासनं."

मग काय, नावं आली भराभरा. हायती ती आली, गेल्याली बी आली. शेवटाला तानुबाई म्हनली, "ज्ञानू. राणी. अर्जुना. केरबा."

केरबा! आयो, त्येच्या बारशाच्या घुगऱ्या खाल्ल्या हुत्या मी. पोर वाटंत गेलं म्हनून कानावर आलं, हळहळले, आन इसरले. कशानं गेलं, इचारलं सुदिक न्हाई.

"कशानं गं?"

"गोवर. धा म्हैन्यांचा हुता. राणीच्या मांडीवर गेला."

राणी खाली मान घालून लिवत हुती. तानुबाईनं गाठोड्यातनं फडक्यात गुंडाळल्यालं लशीचं कार्ड काढून राणीच्या हातात दिलं. पैल्या लशींफुडं माझी सही. गोवराचा चौकोन कोरा. नवव्या म्हैन्याची लस. त्या हिवाळ्यात तीनदा त्यांच्या दारात जाऊन मी "घर बंद" लिवलं, कुठं गेल्यात त्ये ठावं आसून.

"राणे, तुला ठावं हुतं?"

"व्हय आक्का."

"मग बोलली का न्हाईस इतकी वर्सं?"

"तुमच्याशी भांडून काय व्हनार? नेमाशी भांडायचं हुतं."

मी तितंच बसून रडले. तानुबाईनं च्या दिला. मग डोळं पुसलं आन यादी हातात घेतली. एकतीस घरं ऱ्हायली हुती, दिवस चार.

"ऊठ गं," मी म्हनलं. "नाथाजीची मेंढरं कराडला हायती, त्येच्या भावाची पाटनकडं. सगळ्यांची रानं मला पाठ हायती."

राणीनं वही मिटली आन कार्ड आईच्या हातात परत दिलं.