सैल कणीक

मुलगी इटलीत शिकायला गेली, त्यानंतरचे पहिले काही महिने आमचं फोनवरचं बोलणं ठरलेलं होतं. मी विचारायची, "जेवली काय?" ती म्हणायची, "हो." मी विचारायची, "काय खाल्लं?" ती म्हणायची, "पाव." मग दोघी गप्प. फोनच्या काचेत तिचा चेहरा दिसायचा आणि कोपऱ्यात माझाही लहानसा दिसायचा. तो पाहून मला आणखीच अवघडायला व्हायचं. थोड्या वेळानं ती म्हणायची, "बाबाले दे." मग तिचे बाबा तुरीच्या फुलोऱ्यापासून मेडशीच्या बसपर्यंत सगळं बोलायचे. मी बाजूला उभी राहून ऐकायची.

मी बोलकी नाही. बचत गटाच्या बैठकीत माझं नाव पुकारलं तर मी हात वर करते, तोंड उघडत नाही. मुलगी माझ्यावर गेली आहे. मी चौथीत शाळा सोडली आणि ती मातीचा अभ्यास करायला परदेशी गेली, एवढा फरक आहे. पण चारचौघांत जीभ टाळ्याला चिकटते ती दोघींची सारखीच. तिला शिष्यवृत्ती मिळाली तेव्हा विहारात सत्कार ठेवला होता. हातात माइक दिला, तर सगळ्यांना हात जोडून ती खाली बसली. लोकांना तो नम्रपणा वाटला. मला खरं कारण माहीत होतं.

तिकडे थंडी वाढली तसा तिचा आवाज बारीक होत गेला. एकदा तिचे बाबा घरी नसताना ती म्हणाली, "आई, इथं मी दिवसदिवस कोणाशी बोलत नाही. वर्गात जातो, खोलीवर येतो. दुकानातबी बोट दाखवून सामान घेतो. तोंड उघडायचं कामच पडत नाही." मी "बरं" म्हटलं. पोरीनं शिक्षण सोडून परत यावं की नाही, हा विचार तिचे बाबा करत होते. मला दुसरीच भीती होती. ती त्या खोलीत हळूहळू मुकी होईल, आणि आम्हाला ते इथून कळणारही नाही, असं मला वाटत होतं. आणि फोनवर तिला धरून ठेवायला माझ्याजवळ बोलणं नव्हतं.

म्हणून एका संध्याकाळी "काय खाल्लं" आणि "पाव" हे झाल्यावर मी विचारलं, "कसा करतात तो?"

"मले काय माहीत?" ती म्हणाली. मग तिनंच विचारलं, "कायले पाहिजे तुले?"

"करून पायतो."

ती हसली. बऱ्याच दिवसांनी हसली. "उद्या सांगतो," म्हणाली.

दुसऱ्या दिवशी तिनं सांगितलं. रात्री थोडं पीठ, पाणी आणि चिमूटभर खमीर कालवून झाकून ठेवायचं. सकाळी त्यात बाकीचं पीठ आणि पाणी घालायचं. मळायचं नाही, कडेनं उचलून दुमडायचं, जरा वेळानं पुन्हा दुमडायचं. पीठ सैल पाहिजे, परातीत पसरेल इतकं. मीठ नाही. त्या गावचा पाव अळणीच असतो. तिला सुरुवातीला तो गळ्याखाली उतरत नव्हता. मी म्हटलं, भाकरीत तरी कुठं मीठ असतं, सोबतच्या भाजी-कोरड्यासात असतं. ती म्हणाली, "हो वं, हे माह्या ध्यानातच नाही आलं." हे सगळं ती फोनमध्ये शोधून सांगत असेल, असं मी धरून चालले. फोनमध्ये सगळं सापडतं असं तिचे बाबा नेहमी म्हणत.

खमीर आणायला तेच मालेगावला गेले. पावभट्टीवाला म्हणाला, "काकाजी, तयार पाव घेऊन जा ना. खमीर कायले नेता?"

हे म्हणाले, "आमच्या घरी इटलीचा पाव होनार हाय."

"मंग एक मलेबी पाठवजा," असं म्हणून त्यानं पुडी बांधून दिली. घरी येऊन त्यांनी हे मला दोनदा सांगितलं.

पहिला पाव मी बिघडवला, कारण मला सैल कणीक हातात धरवेना. आमच्याकडे सैल कणीक म्हणजे बाईची फजिती. रोडग्यांचा स्वयंपाक असतो तेव्हा जाडं दळलेलं पीठ इतकं घट्ट भिजवतात की मळणाऱ्याचे दंड भरून येतात. मग त्याचे गोळे गोवऱ्यांच्या निखाऱ्यात भाजायचे, राख झटकायची, फोडून वरणात कुस्करायचे. लहानपणी माझी कणीक जरा पातळ झाली तर आई म्हणायची, "हे काय लावन केलं काय?" लावन म्हणजे म्हशीचं खाणं. तेव्हापासून हाताला सवय आहे, चिकटलं की पीठ लावायचं. त्या सकाळीही मी मुलीनं सांगितलं तसं सुरू केलं. गोळा बोटांना लोंबायला लागला. मी मूठभर पीठ घातलं. पुन्हा चिकटलं, पुन्हा घातलं. शेवटी गोळा छान झाला, म्हणजे आमच्या दृष्टीनं छान. ओव्हन नव्हताच. अंगणात गोवऱ्या पेटवून निखाऱ्यात ठेवला.

निघाला तो रोडगाच. ह्यांनी तो बत्त्यानं फोडला, वरण ओतलं आणि जेवले.

"तिकडच्या लोकाईले सांग म्हना, हे आमच्याकडं पह्यलेपासून हाय."

संध्याकाळी मुलीला सांगितलं. तिनं विचारलं, पीठ किती घातलं, निखारे कसे होते, आतून कसा दिसतो. मी सांगत गेले. "थांब, उद्या सांगतो काय चुकलं ते," ती म्हणाली. त्या दिवशी तिनं "बाबाले दे" म्हटलं नाही. हे माझ्या शेजारी फोनची वाट पाहत बसले होते, शेवटी उठून गेले.

दुसऱ्या दिवशी उत्तर आलं. हाताला पीठ लावायचं नाही, पाणी लावायचं. ओल्या हाताला कणीक चिकटत नाही. मी इतकी वर्षं कणीक मळली, पण हे मला माहीत नव्हतं. थापायच्या भाकरीला मात्र मी पाण्याचा हात लावते. म्हणजे माहीत होतं, पण तिथलं इथं आणायचं सुचलं नव्हतं.

तोवर इकडे उन्हाळा लागला होता. दुसऱ्या खेपेला रात्री कालवून ठेवलेलं पीठ सकाळी पाहिलं तर फुगून खाली बसलेलं, वर बुडबुडे, आणि वास असा की माझं मलाच नाक दाबावंसं वाटलं. त्या वेळी थोरल्या जाऊबाई आल्या. त्यांचं घर अंगणापलीकडे आहे आणि म्हैस आमच्या बाजूच्या गोठ्यात.

"काय वं," त्या दारातूनच म्हणाल्या, "हातभट्टी लावली काय घरात? मले वाटलं भाऊजी रात्री पिऊन आले."

त्यांनी झाकण काढलं, आत पाहिलं, आणि "आंबलं हे सारं," असं म्हणत परात उचलली. आंबलेलं, उरलेलं, करपलेलं आमच्याकडे म्हशीच्या गव्हाणीत जातं. त्यांनी त्यात काही वावगं केलं नाही. पण मी परातीची कड धरली.

"सोड वं, म्हशीले देतो."

"नाही बाई. आंबूच द्यायचं असते ते."

"आंबू द्यायचं?" त्या माझ्याकडे पाहत राहिल्या. पीठ आंबवतात याचं त्यांना नवल नव्हतं, जिलेबीवाला काय करतो ते त्यांनाही माहीत होतं. मी त्यांच्या हातातली वस्तू धरून ठेवली, याचं नवल होतं. लग्न होऊन मी या घरात आले तेव्हापासून असं कधी झालं नव्हतं. त्यांनी परात खाली ठेवली आणि म्हणाल्या, "आंबव बाई. पोलीस आले तर माह्यं नाव नको सांगजो."

तो पाव चपटा झाला आणि आंबट लागला. म्हशीलाच गेला शेवटी, पण भाजून, आणि थोडा थोडा.

मुलीनं विचारलं, "रात्री तिकडं लय गरम असते काय?"

"आम्ही अंगणात झोपतो."

"मग खमीर अर्धंच घे. अन् थंड जागी ठेव. फ्रीज नसन तर थंड जागा कोणती आहे, ते विचारलं."

कोणी विचारलं, हे तेव्हा माझ्या ध्यानात आलं नाही. मी थंड जागेचा विचार करत होते. घरात थंड जागा एकच, माठाखालची वाळू. ती दिवसरात्र ओली असते. लहान भांड्यात पीठ कालवलं, तोंडाला फडकं बांधलं आणि माठ सरकवून भांडं वाळूत अर्धं पुरलं. ह्यांनी रात्री पाणी घेताना पाहिलं.

"आता गाडूनच टाकलं काय?"

सकाळी वास आला तो गोडसर होता. बाकीचं पीठ घातलं, हात ओले करून दुमडलं, थांबले, पुन्हा दुमडलं. कणीक सैलच होती. मला ती पाहवत नव्हती म्हणून मी वर फडकं टाकून अंगण झाडायला गेले. परत आले तर फुगलेली होती. बोट लावलं की हळूच वर यायची.

या वेळी निखाऱ्यात थेट ठेवला नाही. बिडाची कढई गोवऱ्यांत खूप तापवली, तळाला कोंडा भुरभुरला, कणीक आत सोडली, वर तवा उलटा घातला आणि तव्यावर निखारे ठेवले. बराच वेळ उघडलं नाही. उघडलं तेव्हा पाव तव्याला टेकला होता. ह्यांनी फोटो काढला. मग वर झाकण न ठेवता आणखी भाजला. बाहेर काढून सुपात ठेवला तर तो तडतडायला लागला, हरभरे भाजताना दूरवरून ऐकू यावं तसा. जाऊबाई ऐकायला वाकल्या.

"जिता हाय का काय हा?"

थंड होईपर्यंत कापायचा नाही, असं मुलीनं बजावलं होतं. आमच्याकडे तव्यावरून ताटात हीच रीत. भाकरी निवली तर वाढणाऱ्याची चूक. तिघं त्या सुपाभोवती बसून पाव निवण्याची वाट पाहत होतो. शेवटी कापला. आत लहानमोठी भोकं होती.

"वारूळ हाय हे मुंग्याईचं," जाऊबाई म्हणाल्या. घास घेतला. "मीठ इसरली."

"भाकरीत तरी कुठं असते, बाई?"

वांग्याच्या भाजीत बुडवून त्यांनी दुसरा तुकडा घेतला.

मला आनंद झाला, पण दुपारपासून दुसरंच मनात येत होतं. पाव जमला होता. आता विचारायचं काय? जमला नाही असं सांगावं, असंही एकदा वाटलं. पण ह्यांनी तोवर फोटो पाठवून दिले होते, कढईतला, सुपातला आणि कापलेला.

संध्याकाळी फोन आला. "चांगला झाला," मी म्हटलं.

"पाह्यला."

"भोकं पडले."

"हो."

मग ती जुनी शांतता आली. मी "जेवली काय" विचारणार होते, तेवढ्यात ती म्हणाली, "आई, थांब. एक आजी तुले पाहायचं म्हणून राह्यली."

चित्र हललं आणि फोनमध्ये एक म्हातारी आली. पांढरे आखूड केस, गालावर पीठ, मागे फळ्यांवर पाव. तिनं हात हलवला. मी पदर नीट केला आणि हात जोडले. मुलीनं मागून सांगितलं, तिच्या खोलीच्या खाली हे दुकान आहे, आणि दुपारी ते बंद असतं. पावाचं सगळं हिलाच विचारलं होतं.

"फोनमधी नव्हतं काय?" मी विचारलं.

"असन. पण तू विचारत होती तसं नव्हतं. माठ, गोवऱ्या, कोण लिहिन? पह्यल्या दिवशी सारे गिऱ्हाईक सरेपर्यंत भायेर उभी होतो मी. मग आत गेलो. आता दुपारी तीच हाक मारते. तुहा पाव झाला काय, विचारते रोज."

म्हातारी मध्येच बोलायला लागली. मुलगी तिला उत्तर देऊ लागली. भराभर, हात हलवत. मध्येच अडली, म्हातारीनं शब्द पुरवला, ती पुढे गेली, आणि दोघी कशाला तरी हसल्या. माझी मुलगी परक्या माणसाशी इतकं बोलते, हे मी पहिल्यांदा पाहिलं. मला एक शब्द कळला नाही. तिचे बाबा फोन मागत होते. मी दिला नाही.

"आई," ती म्हणाली, "फोटोत कढईखाली काळं काळं काय आहे, विचारून राह्यली. गोवरीले काय सांगू?"

"शेण म्हन."

"पावाखाली शेण?"

"मंग लाकूड सांगशील काय? शेण हाय तं शेणच सांग."

तिनं सांगितलं. म्हातारीनं कपाळाला हात लावला. मग फोनजवळ येऊन आणखी काही विचारलं.

"पह्यला जो बिघडला होता, तो तुमच्याकडं कसा करतात म्हणते. रोडगा."

मी म्हटलं, "तिले सांग, कणीक घट्ट मळायची. सैल अजिबात नाही."

मुलीनं ते तिकडच्या भाषेत सांगितलं. म्हातारीनं ऐकून घेतलं आणि मान हलवली. तिला पटलं नव्हतं, हे इथून दिसत होतं.