जिराफ पाणी पितो तेव्हा

ऐंशीच्या दशकात मी कोकणातून सिल्वासाच्या मराठी शाळेत शिकवायला आले. मी पाच फूट दहा इंच! मुलांनी पहिल्याच दिवशी नाव ठेवलं. अर्धी जिराफबाई म्हणायची, अर्धी जिराफबेन. म्हणू देत! दुसऱ्या दिवशी मी फळ्यावर जिराफच काढला आणि शिकवायला घेतला.

जवळच्या रांधा गावाहून येणाऱ्या एका मुलीने विचारलं, "बाई, एवढा उंच, मग पाणी कसा पितो?" मी पदर खोचला आणि करून दाखवलं. मान लांब खरी, पण पायही तसेच, म्हणून तोंड जमिनीला पोचत नाही. पुढचे पाय फाकवायचे, मग मान खाली. "उभ्या जिराफाच्या लाथेला सिंहसुद्धा वचकून असतो," मी म्हणाले. "पाण्याला वाकला की मात्र सिंहाचं फावतं."

त्याच रविवारी मला बघायला पाहुणे आले. मुलगा तिथल्याच कारखान्यात सुपरवायझर. बाबा त्यासाठी गावाहून आले होते. माझ्या उंचीपायी आलेले नकार पचवून माणूस अर्धा झाला होता. लहानपणापासून त्यांचं एकच पालुपद, "जरा वाकून चाल गं."

मुलाच्या आईने विचारलं, "शाळेत काय शिकवता?"

"परवाच जिराफ शिकवला."

"शोभतंय हो!" त्या हसल्या. "बरं, दोघं पाठीला पाठ लावून उभे राहा पाहू."

बाबा माझ्या कानाशी पुटपुटले, "गुडघे वाकव." मी वाकवलेही. साडीत कोणाला कळतंय! त्या बाईंचा चेहरा खुलला, आणि मला माझाच फळा आठवला. छे! जन्मभर असं उभं राहायचं? मी सरळ झाले. मुलापेक्षा चांगली चार बोटं वर गेले.

पाहुणे पोहे अर्धे टाकून उठले. मला कसं मोकळं मोकळं वाटलं. धाकधूक होती ती फक्त बाबांची, कारण त्यांचा सगळा जीव या लग्नात अडकला होता.

त्यांनी त्या अर्ध्या बशा उचलून बाजूला ठेवल्या. मग म्हणाले, "वर्गात तो जिराफ काय शिकवलास, मला सांग."

मी सगळं सांगितलं. पाय फाकवून, मान खाली घालून दाखवलंही. मला वाटलं, हसतील.

"सरळ हो," ते म्हणाले. "सिंहापुढे इतकी वर्षं मीच तुला वाकवत होतो."